बाईंच्या घरातले उपसर्ग

बाई, तुम्ही गेल्यापासून आपल्या घरात कुणी ‘डेका’ हा शब्द उच्चारलेला नाही. पृथ्वीवर त्याला तुमच्याशिवाय कुणी विचारत नव्हतं, त्यामुळे तोही तुमच्याबरोबरच गेला असं धरायला हरकत नाही. परवा तुमचं बारावं झालं. भेटायला आलेल्या बायका माझा हात हातात घेऊन म्हणत होत्या, “सासू न्हय गो ती, आवय आसली तुजी.” मी मान हलवत होते. आईशी कुणी हेक्टोग्रामवरून वीस वर्षं भांडत नाही, हे त्यांना कसं सांगायचं?

सासूला ‘बाई’ म्हणणारी सून पाहून त्यातल्या काहींना नवल वाटलं. त्यांना मी सांगत बसले, की ही माझी थेरं नाहीत, विनयची आहेत. तो तुमच्याच मराठी शाळेत, तुमच्याच वर्गात होता, आणि वर्गात चुकून ‘आई’ म्हणाला की तुम्ही त्याला बाहेर उभं करायचात. चौथी सुटेपर्यंत ‘बाई’ची त्याला इतकी सवय झाली की घरातही तेच राहिलं. मी लग्न होऊन सीमेपलीकडच्या बांद्याहून लाटंबार्शाला आले तेव्हा माझ्या पाठराखणीला आलेल्या आत्येने विनयला “बाई, भूक लागली” म्हणताना ऐकलं आणि तुम्हाला स्वयंपाकाला ठेवलेली बाई समजून खरकटी ताटं उचलायला सांगितली. तुम्ही ती उचललीत. वर तिला विचारलंत, “ह्या ताटाचो व्यास किती सेंटीमीटर आसात, सांगशात?” आत्या पुन्हा कधी आपल्याकडे जेवायला आली नाही.

तुमचं सगळं आयुष्य त्या सात शब्दांवर उभं होतं. किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली. शाळेच्या पायऱ्यांवर तुम्ही एकेका मुलाला उभं करायचात, वरच्या पायरीवर किलो, सगळ्यांत खाली मिली, आणि मधून दशांश चिन्ह उड्या मारत जायचं. एक पायरी उतरली की दहाने गुणायचं, एक चढली की दहाने भागायचं. दशांश चिन्हाचं काम विनयला, कारण वर्गात सगळ्यांत गोल तोच होता. तो आज मुरगाव बंदरात कामाला आहे, केस पिकलेत, पण बोटीची शिडी उतरताना अजूनही मनातल्या मनात दहाने गुणत उतरतो; ही सवय त्याने मला लग्नानंतर लगेच सांगितली होती. मला तेव्हा ते गोड वाटलं होतं. पुढे काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती.

मी साखळीच्या लॅबमध्ये रक्त तपासते. मिली आणि मायक्रो यांच्यावर माझं पोट चालतं, तेव्हा उपसर्गांशी माझं वैर नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं, की ज्यांना काम नाही त्यांना घरी बसवावं. किलो ठेवा, सेंटी ठेवा, मिली ठेवा. हेक्टो, डेका आणि डेसी हे तीन फुकटे कशाला पोसायचे? हे मी लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात जेवताना बोलून गेले आणि तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात.

“तुज्या पोटचे आसते तर असां बोलली असतंस?” तुम्ही म्हणालात.

त्या दिवसापासून स्वयंपाकघराची शाळा झाली. मी म्हणायची एक कुलेर मीठ, तुम्ही म्हणायचात, “कुलेर खंयची? तुज्या आवयची की माज्या आवयची? चमचे काय सगळे सारके आसतत?” मी म्हणायची एक कोप, म्हणजे पेलाभर, तांदूळ, तुम्ही म्हणायचात दोन डेसीलीटर. माझ्या डाळीत मीठ कमी पडलं तर तुम्ही ते कमी पडलं असं कधी म्हटलं नाहीत, दशांश चिन्ह सरकलं म्हणायचात. सासुरवासाच्या गोष्टी मी माहेरी पुष्कळ ऐकल्या होत्या, पण या प्रकारची एकही नव्हती, त्यामुळे फोनवर आईकडे तक्रार कशी करावी तेच कळेना.

बाई, डेसीच्या बाबतीत मी पहिल्यांदा हरले तो दिवस आठवतो? तुम्हाला चक्कर यायला लागली म्हणून मी तुमचं रक्त आमच्या लॅबमध्ये नेलं. साखर भलतीच निघाली. संध्याकाळी तो कागद तुमच्यापुढे ठेवून मी समजावायला लागले, की आता गूळ बंद, भात कमी, रोज चालायचं. तुमचं लक्षच नव्हतं. तुम्ही चष्मा वर करून आकड्याच्या शेजारी बघत होतात.

“ह्यां काय लिवलांसा?”

“मिलिग्राम प्रति डेसीलीटर.”

“प्रति काय?”

तुम्ही उठलात आणि अंगणात जाऊन माझ्या सासऱ्यांना, बाबांना, सांगितलंत, “आयकलांत? माज्या रक्तात डेसी मेळलो!” एवढी साखर निघाल्याचा एवढा आनंद मी माझ्या नोकरीत दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. हा शब्द मी रोज शंभरदा टाइप करत होते आणि घरी येऊन डेसीला फुकटा म्हणत होते, हे तुम्ही पुढचे कितीतरी दिवस येईल त्याला सांगितलंत. पथ्य मात्र पाळलं नाहीत. लपवून गूळ खाताना पकडलं की म्हणायचात, “इतकोच खाल्लंय. डेसीग्राम.”

हेक्टो वाचला तो विनयमुळे. चवथीला गणपतीच्या नैवेद्याला मणगणं करायचं होतं, डाळ होती, गूळ होता, साबूदाणा नव्हता. तुम्ही विनयला फोन केलात, “येताना साखळेच्या बाजारातसून तीन हेक्टोग्राम साबूदाणो हाड.” कुठलाही शहाणा मुलगा तीनशे ग्राम घेऊन आला असता. पण त्याच सुमारास आपल्या काजूच्या जागेची मोजणी चालू होती आणि विनयच्या डोक्यात दिवसभर हेक्टर नाचत होते. हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तेव्हा हेक्टो म्हणजे दहा हजार. तीनदा दहा हजार ग्राम म्हणजे तीस किलो. दशांश चिन्हाचं काम उडी मारायचं, कुठे पडतं ते बघायचं काम बाईंचं, अशीच त्याची शाळेपासून समजूत. दुकानदाराने विचारलं, “लग्न आसा?” हा म्हणाला, “चवथ.”

पोतं पडवीत उतरलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. बाबा पोत्याकडे बघून “हं” म्हणाले. तुम्ही रागवाल म्हणून विनय गाडीतून उतरायलाच तयार नव्हता. आणि तुम्ही काय केलंत? खडू आणलात. त्याच पोत्यावर एक चौकोन काढलात आणि साऱ्या घराला उभं करून शिकवलंत: हा एक आर, दहा मीटर गुणिले दहा मीटर, म्हणजे शंभर चौरस मीटर. असे शंभर आर म्हणजे एक हेक्टर. शंभरदा शंभर, म्हणून दहा हजार. हेक्टो शंभरच. त्याचा काही दोष नाही, दोष तुमच्या मुलाचा. मग माझ्याकडे वळून म्हणालात, “बघलंस गो? आमच्या जमनीच्या कागदार हेक्टो बसलोसा आनी तू म्हणतंस काम नाय त्याका!”

हेक्टोला मी तिथल्या तिथे माफ केलं. साबूदाण्याला नाही. मणगणं झालं, खिचडी झाली, वडे झाले, पापड झाले, देवळात शिधा गेला, पेडण्याला तुमच्या माहेरी डबे गेले, तरी पोतं आपलं बसलेलंच. शेजारच्या सुलूबाय तर मी झाकलेलं भांडं घेऊन येताना दिसले की पुढचं दार लावून घ्यायच्या.

राहिला डेका. त्याच्या मागे मी हात धुऊन लागले होते, आणि त्याचं कारण तुम्हाला माहीत होतं की नव्हतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून आज सांगते.

घरातल्या प्रत्येकाला तुम्ही उपसर्ग दिला होतात. बाबा मिली, कारण माणसाने बोलावं त्याच्या हजाराव्या भागाइतकंच ते बोलतात. यावर त्यांनी एकदाच तोंड उघडलं होतं. पोर्तुगेज शाळेत शिकलेला माणूस, म्हणाला, “मिल म्हळ्यार हजार. हांव हजारपट जालों.” तुम्ही त्यांना तिथेच बसवलंत, की मोठं होताना ग्रीक शब्द लागतात, लहान होताना लॅटिन, आणि तुमची पोर्तुगेजी लॅटिनच्या घरची आहे, तेव्हा खाली बसा. विनय किलो, कारण बंदरात एक माणूस पाण्यात पडला तर घरी सांगताना तो हजार करतो. सुलूबाय हेक्टो, त्यांच्या कानात एक घातली की वाड्यावर शंभर निघतात. मांजर मायक्रो. आमची लेक दिशा जन्मली तेव्हा सेंटी होती, दात येताना रडायला लागली तेव्हा तुम्ही तिला बढती देऊन मेगा केलंत. खाणीचे ट्रक रस्त्याने जायचे तेव्हा तिला कडेवर घेऊन तुम्ही म्हणायचात, “बघ, धा मेगाग्राम गेले.” टन हा शब्द तुम्हाला गावंढळ वाटायचा.

मला नाव नव्हतं.

पहिली काही वर्षं मी वाट बघितली. नवी सून, अजून ओळख व्हायची आहे, सुचलं की ठेवतील. मग मांजराला मिळालं. मांजर माझ्यानंतर आलं होतं, बाई. एकदा काजूच्या दिवसांत आपण दोघी अंगणात बिया निवडत बसलो होतो, तेव्हा मी हसत हसत विचारून टाकलं, “बाई, सगळ्यांका नाव आसा, माका काय?”

तुम्ही मानही वर केली नाहीत. “तुका कित्याक व्हया?” तुला कशाला हवं, एवढंच म्हणालात आणि किडकी बी बाजूला टाकलीत.

मला ते लागलं. तुम्ही जितकं सहज बोललात तितकंच जोरात लागलं. मी मनाशी ठरवून टाकलं, की या घराच्या मापात आपण बसत नाही. सीमेपलीकडची, लॅबात जाणारी, उलट बोलणारी. नाहीतर मग मी डेका असणार, कारण उरलेल्यांत तोच एक असा होता, ज्याला जगात काही काम नाही आणि नाव घ्यायलाही कुणी तयार नाही. म्हणून मी डेकावर एवढी घसरायची. तुम्ही त्याची बाजू घ्यायचात तेव्हा कुठेतरी बरंही वाटायचं, हे आता कबूल करायला काय जातंय?

दिशा इंजिनिअरिंगला गेली आणि एक दिवस बातमी घेऊन आली, की जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञांनी बसून नवे उपसर्ग ठरवलेत, रॉन्ना आणि क्वेट्टा, आणि लहानांसाठी आणखी दोन. तिला वाटलं आजी खूश होईल. तुम्ही चहाचा पेला खाली ठेवलात. “कोण हे? खंयचे? डेका घरात बेकार बसलोसा आनी ह्यांची नवी भरती चालू?” दोन दिवस तुम्ही कुणाशी नीट बोलला नाहीत. जणू आपल्याच मुलाला डावलून नोकरी दुसऱ्याला दिली होती. मी आगीत तेल ओतलं. म्हटलं, डेकाचा एक, फक्त एक उपयोग दाखवा, मी भर अंगणात कान धरून उभी राहते.

उत्तर तुम्ही दिलंत ते इस्पितळात. हाताला सलाईन, आवाज खोल गेलेला. मी पाय चेपत बसले होते. तुम्ही आधी सलाईनच्या बाटलीवरचे मिलीलीटर वाचून घेतलेत, समाधान झालं, आणि मग म्हणालात, “डेकाचो उपयोग सांगतंय. आमच्या घरासून बावडी एक डेकामीटर. तितक्यासून हाक मारली की आयकू येता. किलोमीटरासून येणा नाय. सेंटीमीटरार हाक कित्याक मारूची? हाकेचां माप म्हणजे डेका.”

“हाकेचं माप कुठल्या पुस्तकात असतं?” मी म्हटलं.

“घरा गेल्यार मोजून दाखयतंय.”

“तेरा मीटर तरी असेल.”

“धा.”

एवढ्यात नर्स आली आणि मला बाहेर काढलं. आपलं शेवटचं बोलणं हे. लोकांची शेवटची बोलणी कशी देवाधर्माची, मुलाबाळांची असतात. आपलं ‘धा’वर संपलं. पहाटे तुम्ही गेलात.

चौथ्या-पाचव्या दिवशी घर जरा रिकामं झालं तेव्हा मी विनयची टेप घेतली आणि मागच्या दारापासून बावडीच्या कठड्यापर्यंत मोजलं. तेरा मीटरच्याही वर भरलं. दोनदा मोजलं. आणि बाई, मी टेप तशीच हातात धरून धावत स्वयंपाकघरात आले, “बाई, हरलात!” असं ओरडायला. तोंड उघडलं होतं. चुलीपाशी तुमचा पाट होता आणि त्यावर मायक्रो झोपलं होतं. टेप आपोआप गुंडाळली जाऊन माझ्या बोटाला लागली, म्हणून रडले असं मी विनयला सांगितलं.

परवाची गोष्ट सांगायची आहे, त्यासाठीच हे लिहायला घेतलं. बाराव्याची जेवणं उरकली, माणसं पडवीत बसली आणि तुमचा विषय निघाला. दिशा सगळ्यांना तुम्ही ठेवलेली नावं सांगत होती. सुलूबायना आपण हेक्टो होतो हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या आधी रागावल्या, मग शंभर म्हणजे मान आहे असं ठरवून खूश झाल्या. आणि मग त्यांच्या स्वभावाप्रमाणे त्यांनी विचारलंच, “आनी सुनेचें कितें?”

“आईचं नाहीच आहे,” दिशा म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी माणूस करतं तेच मी केलं, रिकामे पेले गोळा करायला घेतले. कोपऱ्यातून कुणीतरी खाकरलं. बाबा होते. बाबा बोलणार म्हटल्यावर पडवीतला पंखासुद्धा हळू झाल्यासारखा वाटला.

“ना म्हण कोणें सांगलें?” बाबा म्हणाले. “मदीं मीटर आसता न्हय? ताका फुडें कितें लायतात?”

कुणाला काही कळलं नाही. बाबांना पुढे बोलावं लागलं, आणि ते त्यांना किती जड गेलं हे मी पाहिलं.

“हांवें तिका एकदां विचारिल्लें, सुनेक कितें नांव? ती म्हणाली, तिका कायच लावूंचें ना. लायल्यार एक तर ती व्हड जातली, ना तर ल्हान. माका ती आसा तितलीच जाय.”

काही लावलं की मोठी होणार नाहीतर लहान; आहे तेवढीच हवी. हातातले पेले मी पुन्हा खाली ठेवले. म्हटलं, “बाबा, ह्यां इतकी वर्षां माका सांगलांत कित्याक नाय?”

“कोणें विचारलें ना,” बाबा म्हणाले आणि पुन्हा मिली झाले.

मी आत गेले आणि दार लोटून घेतलं. बाई, माहेरी मी थोरली म्हणून मला कायम आहे त्यापेक्षा शहाणी करून सांगितलं जायचं. लग्न जमवताना उंची थोडी वाढवली होती आणि वय थोडं कमी केलं होतं, ते तुम्हाला माहीतच आहे, तुम्ही दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं होतंत. लॅबमध्ये साहेबांसमोर मी थोडी लहान होते, पेशंटसमोर थोडी मोठी. जिथे जाईन तिथे कुणीतरी दहाने गुणतं नाहीतर भागतं. मी नुसती मी कुणाला पुरत होते हे मला ठाऊक नव्हतं, आणि ज्या एका बाईला पुरत होते तिच्याशी मी साबूदाण्यावरून, मिठावरून, बावडीवरून भांडत राहिले. तुमचा फार राग आला. एवढं सांगायला काय जात होतं तुमचं? बिया निवडता निवडता एक वाक्य!

पण मी तुम्हाला ओळखते. आणि मलाही ओळखते. तुम्ही ते तोंडावर सांगितलं असतंत तर मी त्यावरही वाद घातला असता, पुरावा मागितला असता, आणि मग आत जाऊन असंच दार लोटून रडले असते. आणि तुम्ही थोडा वेळ जाऊ दिला असतात, बाहेरून कडी वाजवली असतीत आणि विचारलं असतंत, “काय गो शुभा, किती मिलीलीटर झालां?”